दोन टन हा आकडा आला कुठून?

पत्रलेखिका 29 वर्षांच्या, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेल्या. भोसरी एमआयडीसीत सासऱ्यांचा फॅब्रिकेशन आणि मोल्ड (साचे) दुरुस्तीचा छोटा गाळा आहे. सहा मुलं कामाला आहेत, आणि दोन वर्षांपासून ड्रॉइंग आणि बिलं या बघतात. मोल्ड आठशे-नऊशे किलोपर्यंतचे येतात आणि दर वेळी हायड्रा (फिरती क्रेन) बोलवावी लागते. तो खर्च वाचावा म्हणून सासऱ्यांनी स्वतः गॅन्ट्री (वजन उचलायची चाकांवरची चौकट) बनवली, गाळ्यात तिला सगळे घोडी म्हणतात. वर दीडशेचा आयबीम (इंग्रजी आय अक्षराच्या आकाराची लोखंडी तुळई), दोन्ही टोकांना ए आकाराचे पाय, पायांत तीन मीटर अंतर, खाली चार कॅस्टर चाकं. चेन पुली ब्लॉक (हाताने साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) अडकवायला बीमच्या मधोमध, खालच्या बाजूला 16 एमएम सळईची रिंग वेल्ड केली आहे. पिवळा रंग देऊन 'क्षमता 2 टन' असं लिहूनही झालं. मागच्या आठवड्यात चार पोरं एकदम लोंबकळली, काही झालं नाही. खंडेनवमीला पूजा करून, टेम्पोची मागची बाजू उचलून उद्घाटन करायचं सासऱ्यांच्या मनात आहे. पस्तीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या माणसावर शंका घेणं सुनेला जड जातंय, पण झोपही लागत नाही. त्या विचारतात: घरच्या घरी सुरक्षितपणे टेस्ट कशी करू? बाहेरच्या माणसाकडून तपासून घेणं गरजेचंच आहे का? आणि बाबांना न दुखवता हे सांगू कसं?

ताई,

तुमचं पत्र वाचताना पेन्सिलीने एकाच ठिकाणी खूण केली, 'क्षमता 2 टन'. बाकी सगळं तुम्ही विचारलंत, हा आकडा आला कुठून ते विचारलं नाहीत. माझा अंदाज सांगतो: चेन ब्लॉकवर दोन टन छापलेलं आहे, म्हणून बीमवरही दोन टन. चुकत असेन तर कान धरीन. पण ब्लॉक दोन टनी म्हणून घोडी दोन टनी, हे मी भोसरीपासून चाकणपर्यंत कितीतरी गाळ्यांत पाहिलंय. ब्लॉकचा आकडा त्याच्या वरच्या हुकापाशी संपतो. तिथून पुढे रिंग, रिंगचं वेल्ड, बीम, बीम आणि पायांचे जोड, पाय, चाकं, चाकांखालची फरशी, या प्रत्येकाचा आकडा वेगळा. त्यातला सगळ्यात लहान असेल तो तुमच्या घोडीचा.

'टेस्ट कशी करू' या प्रश्नामागे एक समजूत आहे, की टेस्ट केली की ताकद कळते. नाही कळत. आधी काढलेला आकडा खरा आहे का, एवढंच टेस्ट दाखवते. टेस्ट करूनच ताकद शोधायची तर मोडेपर्यंत वजन वाढवावं लागेल, आणि मग उद्घाटनाला काही उरणार नाही. म्हणून आधी कागद घ्या. ते काम तुमच्या शिक्षणातलंच आहे.

दीडशेचा आयबीम म्हणजे आयएसएमबी 150 (दीडशे मिलिमीटर उंचीचा प्रमाणित आयबीम), मीटरला साधारण 15 किलो. व्हर्नियर लावून मापं टेबलशी ताडून बघा. माल मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातला असेल तर गंजाने खाल्लेली जाडी वजा धरा. मापं बरोबर निघाली तर सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला तोंड देण्याचं माप, सुमारे 97 घन सेंटिमीटर. तीन मीटरच्या मधोमध एक टन टांगला की वाकण्याचा ताण येतो चौरस मिलिमीटरला 76 न्यूटनच्या आसपास. साधं माइल्ड स्टील 250 ला कायमचं वाकायला लागतं. म्हणजे एक टनाला तिपटीहून थोडा जास्त वाव आहे. दोन टनाला ताण 152 वर जातो आणि वाव जेमतेम दीडपटीच्या वर राहतो. तोही पूर्ण हाती येत नाही, कारण आयबीम उभा कणखर पण आडवा लेचापेचा असतो. तीन मीटरमध्ये बाजूने कुठेच आधार नसला की वरची पट्टी आडवी कलंडायला बघते. ते गणित आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे करून बघा. माझ्या मते बीमपुरतं बोलायचं तर एक टन मान्य, दोन टन नाही. तुमचा मोल्ड नऊशेचा, मग दोन टन लिहायची हौस कशाला?

याच गणितातून आणखी एक आकडा निघतो आणि तो टेस्टच्या दिवशी लागणार आहे. एक टनाला बीम मधोमध किती खाली झुकेल? सुमारे 3.8 मिलिमीटर. सव्वा टनाला पावणेपाच. वहीत लिहून ठेवा.

आता रिंग. इथे मी गणितात शिरणारच नाही, ती काढा. बाबांचं वेल्ड चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही. आजची सळई टीएमटी असते. लाटल्यावर लगेच बाहेरून पाण्याचा मारा करून तिची साल कडक केलेली असते आणि गाभा मऊ ठेवलेला असतो. तिची ताकद त्या सालीत. गरम करून वाकवली, वेल्ड मारलं, की नेमकी तिथलीच साल बिघडते. ती काँक्रीटच्या पोटात राहायला जन्मली आहे, माल टांगायला नाही. शिवाय बीमच्या खालच्या पट्टीला खालून चिकटवलेली रिंग वेल्डला ओढून सोलते. वेल्ड एकाच बाजूने असेल तर मुळापासून वहीच्या पानासारखं उघडतं. आज सव्वा टन घेईल, पन्नासाव्या वेळी सातशे किलोला सुटेल, आणि सुटण्याआधी सांगणार नाही. तिच्या जागी क्षमता छापलेला बीम क्लॅम्प बसवा, नाहीतर बीमवर चालणारी ट्रॉली. दोन्ही बोल्टने बसतात, वेल्डचा प्रश्नच राहत नाही. ट्रॉली घेतलीत तर बीमच्या दोन्ही टोकांना स्टॉपर हवेत. शॅकल (पिनेने बंद होणारी कडी) आणि हुकही विकतचे, आकडा कोरलेले. हुकाला, साखळीला, आयबोल्टला (डोक्याला कडी असलेल्या बोल्टला) वेल्ड कधीच मारायचं नाही, 'नुसता एक टाका' सुद्धा नाही.

आयबोल्टवरून आठवलं म्हणून सांगतो. उमेदवारीच्या काळात एका टूलरूममध्ये मी एक डाय (जड साचा) उचलताना उभा होतो. डायला दोन आयबोल्ट, आणि दोन स्लिंग (माल उचलायचे दोर) अशा पसरट लावलेल्या की बोल्ट सरळ वर न ओढले जाता तिरके ओढले जात होते. सरळ ओढीला जो बोल्ट एक टन घेतो, तो पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या ओढीला तिसऱ्या हिश्श्याएवढाही भरवशाचा राहत नाही. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. एक बोल्ट मानेतून तुटला. डाय पडली ती वीतभरच, कारण आमच्या जुन्या मिस्त्रींचा दंडक होता की खाली लाकडी ठोकळे ठेवल्याशिवाय साखळी ओढायची नाही. माझा बूट आणि डाय यांच्यामध्ये तो ठोकळा होता. घोडी कितीही मजबूत झाली तरी तुमचे मोल्ड आयबोल्टवरच उचलले जाणार, तेव्हा तिकडेही नजर ठेवा. दोन स्लिंग जमिनीशी साठ अंशांत असतील तर प्रत्येकीवर मालाच्या अठ्ठावन्न टक्के ओढ येते. तीस अंशांवर आणल्यात तर प्रत्येकीवर पूर्ण मालाएवढी.

वेल्ड बघायचे तर आधी तो पिवळा रंग काढावा लागेल. बाबांना वाईट वाटेल, इलाज नाही. प्रत्येक जोडापाशी वायर ब्रश मारून धातू उघडा करा. स्लॅग (वेल्डचा मळ) अडकलेला, बारीक भोकं, कडेला खाल्लेली चर, पायांच्या टोकाशी अर्धवट सोडलेला टाका, हे डोळ्यांना दिसतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेसाठी डीपी (चिरेत शिरणाऱ्या रंगाच्या) टेस्टचे तीन स्प्रे मिळतात: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. जोड स्वच्छ करायचा, लाल मारून डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, मग फडक्यावर क्लीनर घेऊन पुसायचं. थेट जोडावर क्लीनर मारलात तर चिरेतला रंगही धुऊन जातो, आणि सगळ्यांकडून हीच चूक होते. मग पांढऱ्याचा पातळ थर. चीर असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पहिल्यांदा बघणारा गप्प होतो. नवीन वेल्ड मारलं असेल तर ही तपासणी त्याच दिवशी नको, एक-दोन दिवस जाऊ द्या. काही चिरा थंड झाल्यावर तासांनी उघडतात. आणि लक्षात ठेवा, डीपी फक्त पृष्ठभागाचं सांगते. पोटात वेल्ड किती शिरलंय ते तिला कळत नाही.

यानंतर टेस्ट. खंडेनवमीला नको. त्या दिवशी गाळ्यात बायका-मुलं, पेढे, फोटो, आणि कुणीतरी घोडीखालून जाणारच. सुट्टीचा गुरुवार घ्या. माणसं दोन, फार तर तीन, शटर अर्धं खाली.

वजन माहितीचं हवं. टेम्पो नको: मागच्या चाकांवर किती भार आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, शिवाय टेम्पो जरा सरकला की साखळी तिरकी होऊन घोडीला आडवं ओढते. तुमच्याकडे प्लेटा असतीलच. एक मीटर बाय एक मीटर, दहा एमएम जाडीची प्लेट साडेअठ्ठ्याहत्तर किलो भरते. त्या हिशेबाने थप्पी मोजा. नाहीतर हुकाला अडकवायचा डिजिटल काटा भाड्याने आणा, म्हणजे वादच नको. पाण्याचा हजार लिटरचा पिंजऱ्याचा टँक टांगायची कल्पना कुणीतरी काढेल. तो वरून उचलायला बनवलेला नसतो. खाली भक्कम पाळणा असेल तरच, आणि पाळण्याचं वजनही धरायचं.

घोडी जिथे वापरणार तिथेच उभी करा, चाकं लॉक करा, चाकाखाली गटाराचं झाकण नाही ना ते बघा. बीमच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नायलॉनचा दोरा ताणून बांधा आणि मधोमध बीमला स्टीलची पट्टी चिकटवा. झुकलेलं माप दोऱ्यावर वाचता येतं. वाचायला खाली डोकं घालायचं नाही. मोबाईल स्टँडवर लावून शूटिंग करा. प्रत्येक पायाला ओळंबा सोडा आणि चाकांभोवती खडूने रेघ मारा. वजन आलं की पाय बाहेर फाकतात का, ते त्या रेघेवरून कळतं. ए आकाराच्या घरगुती घोड्यांत बीमपेक्षा पायच आधी दगा देतात, विशेषतः तळाला दोन पायांना बांधणारी आडवी पट्टी नसली तर.

पहिलं वजन अडीचशे किलो. जमिनीपासून चार बोटं वर, खाली ठोकळे, त्याहून वर नाही. चेन ओढणारा घोडीच्या पायांच्या बाहेर उभा राहील इतकी हातसाखळी लांब हवी, नसेल तर आधी ती लांब करून घ्या. वाढीव वजन टांगत्या मालावर कधीच ठेवायचं नाही. खाली उतरवा, प्लेटा वाढवा, पुन्हा उचला. कंटाळवाणं आहे, पण त्यामुळे कुणाचाच हात वजनाखाली जात नाही. अडीचशे, पाचशे, साडेसातशे, हजार, साडेबाराशे. शेवटचा आकडा म्हणजे लिहिणार त्या क्षमतेच्या सव्वापट, त्यापुढे जायचं नाही. जास्त लादून 'अजून घेते बघ' म्हणणाऱ्याला गाळ्याबाहेर चहा प्यायला पाठवा. त्या जास्तीच्या वजनाने न दिसणारं काहीतरी वाकलं, तर टेस्टनेच घोडी बिघडवली असं होईल.

दर पायरीला झुकाव लिहा. पाचशेला दोन मिलिमीटरच्या आत, हजारला चारच्या आत, साडेबाराशेला पाचच्या आत. आकडे एका चालीने वाढायला हवेत. साडेसातशेपर्यंत नीट जाऊन हजारला एकदम सात दाखवलं, किंवा कुठे 'टक' असा आवाज झाला, की उतरवा आणि त्या दिवसापुरतं बंद. लगेच टाका मारून पुन्हा उचलायचं नाही. साडेबाराशेवर दहा मिनिटं ठेवून उतरवल्यावर दोरा मूळ जागी आला पाहिजे. पहिल्यांदा जोड आणि बोल्ट बसतात म्हणून थोडा फरक चालेल. दुसऱ्यांदा तेच वजन उचलून उतरवल्यावरही फरक राहिला, तर लोखंड कायमचं वाकतंय. ट्रॉली असेल तर तेच वजन एकेका टोकाकडे नेऊनही बघा, कारण तिथे जवळजवळ सगळा भार एकाच जोडीच्या पायांवर जातो. मग पुन्हा डीपी. आणि रोजच्या वापरात भरलेली घोडी ढकलत न्यायची नाही. लादीच्या फटीत एक कॅस्टर अडकलं की ती कलंडते, तिथे बीमची ताकद काही कामाची नाही.

चार पोरं लोंबकळली त्याबद्दल. चौघांचं मिळून अडीचशे-पावणेतीनशे किलो, म्हणजे तुमच्या मोल्डच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. त्यातून काहीच सिद्ध झालं नाही. आणि झोके घेतले असतील तर कुणी न मोजलेला जोर वेगळाच. टांगलेलं वजन उंचावरून न पाडता नुसतं एकदम सोडलं तरी क्षणभर दुप्पट लागतं, साखळी हळू ओढायची ती यासाठी. पण मला खटकलं ते वेगळंच. तुमचं पत्र वाचून वाटतं की हा प्रश्न तुमच्या आणि बाबांच्या मधला आहे, मान राखायची की शंका घ्यायची. ती चार पोरं त्यात कुठेच नाहीत. मालक म्हणाले म्हणून ती लोंबकळली. उद्या मोल्डखाली हात घालून ठोकळा सरकवणारी तीच. बाबांना दुखावण्याचं ओझं तुमच्या मनावर आहे, ते मी हलकं मानत नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही नीट बघा.

बाहेरच्या माणसाचं. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 29व्या कलमात उचलयंत्रांबद्दल लिहिलं गेलं: माल आणि बांधणी चांगली हवी, सुरक्षित क्षमता ठळक लिहिलेली हवी, तिच्यापेक्षा जास्त लादायचं नाही, आणि सक्षम व्यक्तीकडून किमान बारा महिन्यांतून एकदा कसून तपासणी. आता नव्या कामगार संहिता आल्या आहेत. सहा कामगारांच्या गाळ्याला त्यातलं काय लागू, काय नाही, हे तुमच्या सल्लागाराला विचारा. पण अपघात झालाच तर पोलीस पटावरची माणसं मोजत बसत नाहीत. निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम गाळ्याचा आकार बघत नाही. म्हणून माझं उत्तर हो, तपासून घ्याच. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मान्यता दिलेल्या सक्षम व्यक्ती असतात, त्यांतल्या एकाला बोलवा. वर सांगितलेली टेस्टही त्यांच्यासमोरच झाली तर उत्तम. ते पहिल्यांदा ड्रॉइंग आणि गणित मागतील, आणि नसेल तर बहुतेक परत फिरतील. ते बरोबरच आहे.

त्यांनी पाहून 'पायांचे जोड भरवशाचे नाहीत' म्हटलं, तर घोडी मोडून बीम दुसऱ्या कामाला वापरा आणि तयार, सर्टिफिकेटवाली गॅन्ट्री घ्या. जोड चांगले निघाले तर बीम आणि पाय बाबांचे, उचलायचे सगळे भाग विकतचे, आणि क्षमता एक टन. मला हाच मार्ग बरा वाटतो. एक टनाच्या वरचा मोल्ड आला तर त्या दिवशी हायड्रा. वर्षातून चार-दोनदा तो खर्च होऊ दे.

राहिले बाबा. 'मला शंका आहे' असं म्हणूच नका, कारण त्यांच्या वेल्डबद्दल तुम्हाला शंका नाहीच. वही घेऊन बसा आणि म्हणा, "बाबा, हिचं ड्रॉइंग करून ठेवायचंय. कुठे कोणता रॉड वापरलात, किती पास मारलेत, सगळं सांगा." पस्तीस वर्षांत हे त्यांना किती जणांनी विचारलं असेल? एकेक जोड ते स्वतःच बोटाने दाखवतील. रिंगपाशी आले की विचारा, "ही सळई कुठली होती?" आणि थांबा. पुढचं बहुधा तेच बोलतील. नाही बोलले तर ब्लॉकवरचा दोन टन आणि बीमचा हिशेब एका पानावर शेजारी शेजारी मांडून द्या. पान टेबलावर ठेवून तुम्ही स्वयंपाकघरात जा. काही माणसं समोर कुणी नसताना जास्त नीट वाचतात.

तोपर्यंत एक गोष्ट आजच करा. चेन ब्लॉक रिंगमधून उतरवून कपाटात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे घ्या. विचारलं तर म्हणा, ग्रीस करायला काढलाय. एरवी खोटं बोला असं मी कुणाला सांगत नाही. खंडेनवमीला झेंडूचा हार, हळदकुंकू सगळं घोडीला होऊ दे, पूजेला वजन टांगावं लागत नाही. ड्रॉइंग झालं की त्याची एक प्रत मला पाठवा. पायांना तळाशी आडवी पट्टी आहे की नाही, ते पत्रातून कळलं नाही.